काडतूस कुठून आलं?

२ फेब्रुवारी २०२४ ला आमच्या अमळनेरात, प्रताप महाविद्यालयाच्या आवारात, सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झालं. १९५२ नंतर पहिल्यांदाच संमेलन बोरीकाठी आलं होतं. साने गुरुजी ज्या गावात शिक्षक होते, त्या गावात तीन दिवस पुस्तकांची, माणुसकीची चर्चा झाली.

त्याच २ तारखेच्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, गोळीबार झाला. शिवसेनेचे शहरप्रमुख महेश गायकवाड जखमी झाले, पण वाचले. गोळ्या झाडल्याच्या आरोपावरून अटक झाली ती भाजपचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांना. दालनातल्या कॅमेऱ्याचं चित्रण महाराष्ट्रभर मोबाईलवर फिरलं. ४ तारखेला संमेलनाचं सूप वाजलं. ७ तारखेला आमच्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावला, माजी नगरसेवक महेंद्र मोरे यांच्या कार्यालयात तोंड बांधलेली माणसं शिरली आणि गोळ्या झाडून निघून गेली. काही दिवसांनी उपचार सुरू असतानाच मोरे गेले. ८ तारखेला मुंबईत, दहिसरला, माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या घातल्या गेल्या. मारणाऱ्याने नंतर स्वतःवरही गोळी झाडली.

सात दिवसांत तीन गोळीबार. उल्हासनगरचं पिस्तूल परवान्याचं होतं. दहिसरचं पिस्तूलही परवान्याचंच, पण परवाना अंगरक्षकाचा आणि बोट भलत्याचं. चाळीसगावला आले ते तोंड बांधून आले होते. अशी माणसं कोणत्याही जिल्हाधिकाऱ्याच्या वहीत सही करून हत्यार घेत नसतात.

अशा घटनेनंतर दोन आवाज उठतात. एक म्हणतो, परवाने सरसकट बंद करा. दुसरा म्हणतो, गुंडाकडे आहेच, मग सज्जन माणसालाही द्या, तो आपलं रक्षण आपण करील. अमेरिकेत हाच वाद पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि आपल्याकडे तो तिथूनच उचलून बोलला जातो. खान्देशात राहून, सातपुड्याच्या पायथ्याशी पकडल्या जाणाऱ्या हत्यारांच्या बातम्या वर्षानुवर्षं वाचून माझं मत असं झालं आहे की हे दोन्ही आवाज मूळ दुखण्यापर्यंत पोचत नाहीत. आपल्याकडे मोजायला हवी ती बंदुकीइतकीच तिच्यात भरली जाणारी गोळी. ती कुणी मोजत नाही.

आधी परवान्याचं बघू. तो सहज मिळत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पुण्या-मुंबईत पोलीस आयुक्तांकडे. ठाण्याकडून चौकशी होते, गुन्ह्यांची नोंद तपासली जाते, जिवाला नेमका कसला धोका ते विचारलं जातं. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार हत्यार चालवण्याचं आणि ते सुरक्षित ठेवण्याचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं तेरावं कलम वाचण्यासारखं आहे. वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक स्वसंरक्षणासाठी किंवा शिकारी-खेळासाठी हवी असेल, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर कायदा त्यातल्या त्यात मोकळा हात ठेवतो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर हवं असेल तर सबळ कारण दाखवावं लागतं. यामागचा विचार सरळ आहे. लांब बंदूक खिशात मावत नाही, ती शर्टाखाली लपवून बाजारात नेता येत नाही.

तापीकाठच्या जुन्या घरांत आजही दिसते ती हीच बारा बोअर. आजोबांनी रानडुकरांसाठी घेतलेली, आता बहुतेक वेळ भिंतीवर किंवा कपाटात असलेली. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती बाहेर निघते. छाननी होते आणि सांगितलं जाईल त्याने आपलं हत्यार ठाण्यात जमा करायचं. त्या दिवसांत ठाण्याच्या खोलीत डोकावलं तर भिंतीशी ओळीने उभ्या केलेल्या बंदुका दिसतात. दस्त्याचं लाकूड हाताळून काळं पडलेलं, घोड्याच्या कडीला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर नाव, गाव, परवाना क्रमांक. निकाल लागल्यावर माणूस येतो, पावती दाखवतो, बंदूक खांद्याला लावून एसटीने घरी जातो. खान्देशातली खरी परवानाधारक बंदूक ही अशी आहे. तिच्यामुळे माणसं मरतच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण आज भुसावळ-जळगावात भीती आहे ती हिची नव्हे.

२०१९ मध्ये कायदा आणखी आवळला गेला. एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतील असं ठरलं. लग्न-वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आला. परवान्याशिवाय हत्यार बनवणं आणि विकणं यासाठी किमान सात वर्षं ते जन्मठेप, नुसतं बाळगण्यासाठीही किमान दोन वर्षं. कागदावर यापेक्षा कडक काय करायचं राहिलं आहे?

तरीही आमच्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एक चौकट कायम असते. ‘गावठी कट्ट्यासह तरुण जेरबंद.’ मजकूर इतका ठरलेला की तोंडपाठ व्हावा. गोपनीय माहितीवरून स्थानिक गुन्हे शाखेने सापळा रचला, अंगझडतीत एक गावठी बनावटीचं पिस्तूल, दोन जिवंत काडतुसं, एक दुचाकी, एक मोबाईल असा मुद्देमाल मिळाला, शस्त्र अधिनियम कलम ३, २५ प्रमाणे गुन्हा दाखल. पुढच्या आठवड्यात दुसरा तरुण, दुसरी दुचाकी, तीच कलमं.

हे पिस्तूल येतं कुठून ते जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अमळनेरहून तापी ओलांडून चोपड्याला जायचं, तिथून उत्तरेला सातपुड्याच्या दिशेने सत्रासेनकडे. पुढे अनेर नदी. नदीच्या अलीकडे उमर्टी महाराष्ट्रातलं, पलीकडे उमर्टी मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातलं. एकाच नावाची दोन गावं, मध्ये पावसाळा सोडला तर पायी ओलांडता येईल असं पात्र आणि त्याच पात्रात राज्याची हद्द. पलीकडच्या गावात शिकलीगर शीखांची वस्ती आहे. हत्यारं घडवणं, त्यांना पाणी देणं हा या समाजाचा पिढीजात धंदा. शीख गुरूंच्या फौजांची हत्यारं आपल्या पूर्वजांनी घडवली असं ते अभिमानाने सांगतात. १८७८ चा इंग्रजांचा शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय हत्यार घडवणं गुन्हा ठरलं. महाराष्ट्रात याच समाजाची हजारो माणसं कढया, बादल्या, कुलुपांच्या किल्ल्या, विळे-सुऱ्या यांवर पोट भरतात. सातपुड्याच्या कडेला, बडवानी, खरगोन, धार, बुऱ्हाणपूर या पट्ट्यातल्या काही वस्त्यांत मात्र भाता हत्यारांसाठीच चालू राहिला. एका समाजाच्या कपाळावर शिक्का मारण्यासाठी मी हे लिहीत नाही. शिक्क्याने काय होतं ते आपण गुन्हेगार जमाती कायद्यात भोगलं आहे. कारागिरी आहे, जमीन नाही, दुसरा रोजगार नाही आणि गिऱ्हाईक मात्र दारात गाडी घेऊन उभं आहे, ही तिथली स्थिती आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये चोपडा ग्रामीण पोलिसांचं पथक एका हत्यार विक्रेत्याला पकडायला उमर्टीला गेलं. जमावाने पथकावर हल्ला केला, आरोपीला सोडवलं आणि एका फौजदाराला उचलून नदीपलीकडे नेलं. काही तासांनी त्यांची सुटका झाली. आपल्या जिल्ह्याचा वर्दीतला अधिकारी ओलीस नेला जातो, ही गोष्ट एरवी महिनाभर गाजायला हवी होती. चार दिवसांत ती विरली. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे शहर पोलिसांचं शंभरावर माणसांचं पथक मध्य प्रदेश पोलिसांना सोबत घेऊन पहाटे त्याच गावात उतरलं. ड्रोन होते, दंगल काबूत आणणारी साधनं होती. पन्नासेक भट्ट्या उद्ध्वस्त केल्या, तीसहून जास्त लोक ताब्यात घेतले. शेकडो किलोमीटरवरून पुण्याचे पोलीस का आले? कारण पुण्यात पकडल्या जाणाऱ्या पिस्तुलांचा माग काढत गेलं की वाट पुन्हा पुन्हा अनेरच्या काठी येऊन थांबत होती.

तिथून माल निघतो तो दोन-तीन वाटांनी. एक चोपड्यातून तापीवरून खाली अमळनेर, जळगाव, भुसावळकडे. दुसरी सेंधव्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने पळासनेर, शिरपूर, धुळे. तिथे महामार्ग, एसटी, रेल्वे सगळंच हाताशी. प्रत्येक हाताला पैसे सुटतात. गावात पंधरा-वीस हजारांना पडणारं पिस्तूल पुण्या-मुंबईत दुप्पट-तिप्पट होतं, असे आकडे पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांतून येतात. नेणारा बहुधा विशीतला पोरगा असतो, एका फेरीचे पैसे घेणारा. सापळ्यात सापडतो तोही तोच.

आता ते पिस्तूल जवळून बघा. न्यायालयात पंचासमोर मुद्देमालाची लाखेची मोहोर फोडून पाकीट उघडतात तेव्हा टेबलावर येतं ते ओबडधोबड लोखंड. कडांवर कानशीचे ओरखडे, मुठीला दोन स्क्रूंनी बसवलेली प्लास्टिकची किंवा लाकडाची पट्टी, मॅगझिन आत सरकवताना अडकणारी. साध्या कट्ट्याची नळी अनेकदा वाहनाच्या स्टिअरिंगच्या पाइपातून कापलेली. आणि सरकत्या भागावर ठोकलेली अक्षरं: ‘मेड इन यूएसए’. एखादं अक्षर उलटं पडलेलं. हाताचा कारागीर चांगला असेल तर मात्र वस्तू अशी निघते की पाहणारा चकित व्हावा. भाता, ऐरण, कानस, हातानं फिरवायचं छिद्रयंत्र एवढ्यावर ती झालेली असते. साधा कट्टा कधी हातातच फुटतो आणि चालवणाऱ्याचीच बोटं नेतो.

काडतूस असं भट्टीवर होत नाही. पितळेची पुंगळी, तिच्या बुडातली टोपी, आतली दारू, पुढची गोळी हे सगळं सुताच्या अचूकतेने जमावं लागतं. वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणारे महाभाग आहेत, चोरट्या मार्गाने येणारा मालही आहे. पण पोलीस मुद्देमालात ‘जिवंत काडतूस’ म्हणून जे नोंदवतात ते बहुतेक वेळा कारखान्यात बनलेलं असतं. त्याच्या बुडावर अक्षरं असतात. पंचनाम्यात ती लिहिलीही जातात: ‘के. एफ. ७.६५’. के. एफ. म्हणजे पुण्याजवळची खडकीची दारूगोळा फॅक्टरी, १८६९ पासून चालू असलेली. ती सरकारी आहे. आमच्या जिल्ह्यातही भुसावळजवळ वरणगावला सैन्यासाठी काडतुसं बनवणारी आयुध निर्माणी आहे. तिथे एकेका नगाचा हिशेब असतो.

७.६५ हा आकडा लक्षात ठेवावा. नागरिकाला परवान्यावर मिळणारं जे ‘पॉइंट थर्टी टू’ पिस्तूल, त्याला हेच काडतूस लागतं. उमर्टीच्या कारागिराने आपलं पिस्तूल याच मापाचं केलं, कारण बाजारात हेच मिळतं. म्हणजे बिनपरवाना पिस्तुलाचं पोट परवान्याच्या काडतुसावर भरतं. बंदूक बेकायदा जन्मते, पण तिच्यातली गोळी कुठल्या तरी कायदेशीर दारातून बाहेर पडलेली असते. ते दार कधी परवानाधारकाचं असतं, कधी शस्त्र विक्रेत्याचं, कधी एखाद्या सरकारी कोठाराचं.

ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी आनंद विहार भागात दोन हजारांवर जिवंत काडतुसं पकडली. माग काढत ते गेले तो थेट देहरादूनच्या एका परवानाधारक गन हाऊसपर्यंत, आणि मालकाला अटक झाली. पकडलेल्या पोराला ‘कट्टा कुठून आणला’ एवढंच विचारून ते थांबले असते तर हे दुकान कधीच उजेडात आलं नसतं. उत्तर प्रदेशात नवी काडतुसं घेताना वापरलेल्या पुंगळ्या परत दाखवण्याचा नियम केला गेला. आपल्याकडे परवानाधारकाने वर्षभरात किती घेतली, किती उडवली, किती शिल्लक, हे नूतनीकरणाच्या वेळी तरी मोजलं जायला हवं. कोऱ्या कागदावर ‘सरावात खर्च’ एवढं लिहून चालता कामा नये.

रिकामी पुंगळी बोलते, हेही आपण पाहिलं आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर, फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे, ३० ऑगस्ट २०१५ ला धारवाडला डॉ. एम. एम. कलबुर्गी आणि ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळूरला गौरी लंकेश. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर एकाच ७.६५ गावठी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, असा निष्कर्ष कर्नाटकच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेने पुंगळ्या आणि गोळ्यांवरच्या खुणांवरून काढला. विचारवंतांच्या हत्यांचा तपास अंधारात चाचपडत होता तेव्हा त्याला पहिला धागा त्या दोन सुतांच्या पितळेने दिला. दाभोलकरांना मारणाऱ्या दोघांना जन्मठेप व्हायला १० मे २०२४ उजाडला. पण पुरावा टिकला तर शिक्षा होते, एवढं तरी त्यातून दिसतं.

आमच्या कट्ट्यांच्या खटल्यांत हा धागा सुटतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ खालच्या खटल्याला कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. हत्यार चालू स्थितीत आहे का याचा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. पंच लागतात आणि पाच-सात वर्षांनी साक्षीची वेळ येते तेव्हा ते फितूर होतात किंवा गाव सोडून गेलेले असतात. तोवर त्या पोराने दुसरं पिस्तूल घेतलेलं असतं. भुसावळकरांनी काय काय पाहिलं! ६ ऑक्टोबर २०१९ ला नगरसेवक रवींद्र खरात यांच्यासह पाच जणांची हत्या झाली. २९ मे २०२४ च्या रात्री माजी नगरसेवक संतोष बारसे आणि त्यांचे सहकारी चालत्या वाटेवर गाडीत गोळ्यांना बळी पडले. रेल्वेचं, कष्टकऱ्यांचं, सगळ्या भाषांचं ते गाव. तिथल्या आईने मुलाला रात्री दहानंतर चहाच्या टपरीवर जाऊ द्यावं की नाही, हा प्रश्न आज खरा आहे.

आकड्यांकडे वळू, कारण या विषयात भीती आकड्यांच्या पुढे धावते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात २८,५२२ खून नोंदले गेले. लाख लोकसंख्येमागे २.१. महाराष्ट्रात २,२९५, म्हणजे लाखामागे दोनहून कमी. १९९२ मध्ये हा देशाचा आकडा ४०,१०५ होता आणि दर लाखामागे साडेचारच्या वर. तीस वर्षांत दर अर्ध्याहून खाली आला. या काळात घरोघर बंदुका वाटल्या गेल्या नाहीत. ‘हत्यारबंद समाज सुरक्षित समाज’ म्हणणाऱ्यांनी या आकड्याचं उत्तर द्यावं. आणि हे खून होतात कशापायी? २०२२ च्या नोंदीत सर्वांत मोठा गट ‘वाद’ या कारणाचा, ९,९६२. त्यानंतर वैर-सूड, ३,७६१. लुटीसाठी-फायद्यासाठी १,८८४. बांधाचा वाद, वाटणीचा वाद, गाडीला कट मारला म्हणून वाद. क्षणाच्या रागात हाताशी काय आहे यावर माणूस जगतो की मरतो ते ठरतं. काठी असेल तर डोकं फुटतं, टाके पडतात. कमरेला पिस्तूल असेल तर तिरडी.

महाराष्ट्रातला बराच खुनी हात आजही कोयत्याचा आणि चाकूचा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला शस्त्र नियम लागू होतात, पण शेतीच्या अवजाराला सूट आहे आणि कोयता ऊसतोडीचं अवजार आहे. ही सूट काढा असं कुणी म्हणू नये, गरिबाचंच पोट मारलं जाईल. पण कोयत्याची जागा पिस्तुलाने घेतली तर आज जखमी होणारे उद्या मरणारे होतील, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत २०२१ मध्ये सुमारे २६ हजार खून झाले. त्यांतले जवळपास २१ हजार बंदुकीने. तिथे शंभर माणसांमागे १२० नागरी बंदुका आहेत, असा ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’चा २०१८ चा अंदाज आहे, भारतात पाच. त्याहून मला अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत अर्ध्याहून जास्त आत्महत्या असतात. खान्देश-विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. घरात फवारणीचं औषध हाताशी असतं म्हणून किती शेतकरी एका रात्रीच्या निराशेत गेले ते आपण पाहिलं आहे. श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या. निराशा तीच होती, हाताशी असलेलं साधन गेलं. ऑस्ट्रेलियात २८ एप्रिल १९९६ ला पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेल्यावर सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या.

‘आमचा कायदा कडक आहे’ असं म्हणून गप्प बसणाऱ्यांनी मेक्सिको पाहावा. बंदुकीचं कायदेशीर दुकान संपूर्ण देशात एक-दोनच, तेही लष्कराच्या ताब्यात. तरीही तिथला खुनाचा दर आपल्या दहापटीच्या आसपास, कारण हत्यारं सीमेपलीकडून, अमेरिकेतून येतात. मेक्सिको सरकारने अमेरिकी बंदूक कंपन्यांवर खटला भरला. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. आपली नदी रिओ ग्रांदेपेक्षा फार लहान आहे आणि पलीकडे परका देश नाही. एकाच देशाची दोन राज्यं आहेत, एकच कायदा आहे. तरी अनेर आपल्याला ओलांडता येऊ नये? जपानने ८ जुलै २०२२ ला शिंझो आबे यांना घरी बनवलेल्या बंदुकीला बळी पडताना पाहिलं. पण त्याच्या आदल्या संपूर्ण वर्षात त्या देशात गोळीबारात गेलेला माणूस एक होता. घरगुती बंदूक बनू शकते म्हणून तिथे कुणी हात वर केले नाहीत.

खान्देशाला बंदुकीचा अभिमान वाटावा असाही एक काळ होता. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला भिल्ल इंग्रजी फौजेशी लढले. १९४२ ला अमळनेरात डॉ. उत्तमराव पाटील आणि लीलाताई पाटील यांनी सरकारी सत्ता हादरवली. १४ एप्रिल १९४४ ला उत्तमरावांनी जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत चिमठाण्याजवळ साडेपाच लाखांचा सरकारी खजिना लुटला. इंग्रजांनी १८७८ ला भारतीयांचं हत्यार काढून घेतलं याचा राग गांधीजींच्या आत्मकथेतही आहे, आणि १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांत नियमाधीन शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. हा सगळा वारसा मान्य करूनच डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत प्रश्न आला. ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. ज्याला हवं त्याने बाजारात जाऊन हवं ते हत्यार विकत आणायचं असेल तर राज्य चालवायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षीच्या ३० जानेवारीला गांधीजींच्या छातीत शिरलेल्या गोळ्या ज्या बेरेटा पिस्तुलातून सुटल्या ते मारेकऱ्यांनी दोनच दिवस आधी ग्वाल्हेरला मिळवलं होतं. ती जखम ताजी असताना समितीने ती दुरुस्ती फेटाळली. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

आणि तरी परवाना प्रतिष्ठेचा झालाच. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण करून हत्या झाली तेव्हा चर्चा सुरू झाली की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने आहेत. मग एकेक करून ते रद्द होऊ लागले. देशमुखांना मारहाण करून मारलं गेलं. बाराशे परवान्यांतला एकही त्यांच्या उपयोगी पडला नाही. २२ एप्रिल २००६ ला प्रमोद महाजन यांच्यावर सख्ख्या भावाने झाडलेलं पिस्तूलही परवान्याचंच होतं. घरात आलेली बंदूक दारातल्या चोराआधी घरातल्या भांडणात निघते, याची साक्ष आणखी किती घ्यायची? जिवाला खरोखर धोका असलेल्या व्यापाऱ्याला, पत्रकाराला, साक्षीदाराला पोलीस संरक्षण द्यावं. कमरेला पिस्तूल हे त्याचं उत्तर नाही.

मग करायचं काय? उमर्टीला भट्ट्या पाडणं आवश्यक होतं, पण भट्टी मातीची असते, आठवड्यात पुन्हा उभी राहते. त्या हातांना फॅब्रिकेशन, शेती अवजारं, कुलपं यांचं काम दोन्ही राज्यांनी मिळून द्यायला हवं. पुनर्वसनाच्या घोषणा झाल्या, रोजगार पोचला नाही. जळगाव आणि बडवानीच्या पोलिसांचं कायमचं संयुक्त पथक हवं, एका मोठ्या धाडीपुरतं नको. कट्ट्यांचे खटले वर्षाच्या आत निकाली निघतील अशी सोय हवी. आणि प्रत्येक पकडलेल्या काडतुसाच्या बुडावरची अक्षरं, त्याचा कारखाना आणि विक्रेता यांचा माग काढल्याशिवाय दोषारोपपत्र पूर्ण मानलं जाऊ नये.

हे शेवटचं काम आपणही करू शकतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत चालू परवाने किती, गेल्या पाच वर्षांत परवानाधारकांना किती काडतुसं विकली गेली, किती बेकायदा काडतुसं जप्त झाली आणि त्यांतल्या किती खटल्यांत शिक्षा लागली, हे माहितीच्या अधिकारात कुणीही विचारू शकतो. दहा रुपयांचा अर्ज लागतो. दिवाळीनंतर सरकारी कचेऱ्या उघडल्या की मी तो जळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात देणार आहे. धुळ्याच्या आणि नंदुरबारच्या वाचकांनी आपापल्या जिल्ह्यात द्यावा.